वाटीभर जागा: स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

शस्त्रक्रियेला आज अठरा दिवस झाले. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात, जिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्यामुळे सध्या मला भूक अशी लागतच नाही. पोटाने मागितले की खायचे, हा बेचाळीस वर्षांचा नियम संपला असून यापुढे घड्याळ पाहून खायचे आहे.

माझे वजन १२८ किलो होते, उंची १७० सेंटिमीटर आहे आणि नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. याच आजारात वडिलांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता आणि ती दोन वर्षे मी घरात जवळून पाहिली आहेत, त्यामुळे ही संधी वाया जाऊ द्यायची नाही हे मनाशी पक्के आहे. शस्त्रक्रियेचा बहुतेक खर्च कंपनीच्या मेडिक्लेममधून भागला. मात्र पुढच्या गोळ्या, पावडरी आणि खाणेपिणे यांचा भार घरावरच आहे.

अडचणी तीन आहेत. आहारतज्ज्ञ मॅडमनी दिवसाला ७० ग्रॅम प्रथिने सांगितली असून ६० च्या खाली जाऊ नका अशी ताकीद दिली आहे, आणि सध्या मी ४० च्या आसपास अडखळतो आहे. दुसरे म्हणजे पैसा: आम्हा दोघांच्या पगारातून घराचा हप्ता आणि मुलांच्या फिया गेल्यावर माझ्या वेगळ्या खाण्यासाठी, गोळ्या धरून, महिन्याला २,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत. तिसरी अडचण नोकरीची. मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे आणि तिथे तीन पाळ्या दर आठवड्याला फिरतात. या तिन्हींची सांगड घालण्याचे काम मी प्रकल्प म्हणून हाती घेतले आहे आणि त्याची नोंद इथे ठेवणार आहे. यातले आकडे माझ्या डॉक्टरांनी माझ्या तब्येतीकडे पाहून दिलेले आहेत, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

९ मार्च २०२५, रविवार

रुग्णालयातून सांगितलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा एक किलोचा डबा २,८०० रुपयांना पडला आणि तो महिन्याभरात संपेल. दर महिन्याला हे परवडणारे नाही, म्हणून आज ३५० रुपयांचा डिजिटल वजनकाटा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून दहा ग्रॅम प्रथिने कशातून किती रुपयांना मिळतात याचा हिशेब मांडला. आमच्या भागातल्या आजच्या भावाने सोयाबीनच्या वड्यांतून ती तीन रुपयांच्या आत मिळतात, मूगडाळीतून पाच रुपयांना, फुटाण्यांतून आठला, अंड्यांतून अकराला, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीतूनही साधारण तेवढ्यालाच, टोन्ड दुधातून अठरा-एकोणीसला, पनीरमधून बावीसला आणि त्या डब्यातल्या पावडरीतून सुमारे छत्तीस रुपयांना. कागदावर पाहता प्रश्न मिटल्यासारखा वाटत होता, कारण डाळ आणि सोयाबीन तर घरात नेहमीच असते.

मग चाळीस ग्रॅम मूगडाळ मोजून कुकरला लावली. शिजल्यावर वरण घट्ट ठेवूनसुद्धा काट्यावर १३८ ग्रॅम भरले. म्हणजे दहा ग्रॅमपेक्षाही थोड्या कमी प्रथिनांसाठी माझे पूर्ण पोट भरणार, आणि असे सात वेळा भरल्याशिवाय ७० चा आकडा गाठता येणार नाही. उलट तेवढीच प्रथिने दीड अंड्यात, म्हणजे ७५ ग्रॅममध्ये मिळतात, आणि दुधात घोटलेल्या भुकटीला तर वेगळी जागाच लागत नाही: २०० मिलिलिटर दुधात २० ग्रॅम भुकटी मिसळली की सहाचे तेरा ग्रॅम होतात आणि पेला तेवढाच राहतो.

आजवर घरात रुपयांचा भाव पाहून बाजार केला. आता प्रत्येक पदार्थाला दुसराही एक भाव आहे, तो म्हणजे त्याने पोटात अडवलेली जागा. डाळ रुपयांनी स्वस्त असली तरी जागेने महाग आहे. म्हणून असे ठरवले की डाळी-उसळी घरच्या पातेल्यातूनच घ्यायच्या, त्यांचा वेगळा खर्च धरायचा नाही, आणि माझ्या वाट्याचे पैसे कमी जागेत जास्त प्रथिने देणाऱ्या वस्तूंवरच, म्हणजे भुकटी आणि अंड्यांवर, खर्च करायचे. मॅडमना फोनवर विचारले तेव्हा त्यांनी होकार दिला. फक्त भुकटीने पोट फुगले तर लगेच कळवायला सांगितले.

१७ मार्च २०२५, सोमवार

कामावर रुजू झालो. फर्स्ट शिफ्ट साडेसहाला सुरू होते आणि कंपनीची बस नाक्यावर पाच चाळीसला येते. पावणेपाचला उठून पाणी आणि अ‍ॅसिडिटीची गोळी, सव्वापाचला भुकटीचे दूध, साडेआठच्या दहा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत एक उकडलेले अंडे, साडेअकराच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत डबा, घरी आल्यावर साडेचारला ताक आणि रात्री आठला जेवण, असे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे.

अडचण पाण्याची आहे. जेवताना आणि जेवणाच्या आधी-नंतर अर्धा अर्धा तास पाणी प्यायचे नाही, आणि तरीही दिवसभरात दीड लिटर तरी घोट घोट करून पोटात जायला हवे. पाच वेळच्या खाण्याभोवतीचे असे तास वगळले की पिण्यासाठी उरतात ते बहुतेक मशीनजवळचे तास, आणि पाण्याचा कूलर शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे.

२२ मार्च २०२५, शनिवार

आज चूक झाली आणि ती नीट लिहून ठेवणे भाग आहे. एका लॉटमध्ये दोष निघाल्यामुळे जेवणाच्या सुट्टीतली अठरा मिनिटे तपासणीत गेली आणि उरलेल्या बारा मिनिटांत मी डबा न उघडता कँटीनची मऊ खिचडी घेऊन भराभर खाल्ली. मऊ आहार सुरू झाला असल्यामुळे खिचडी चालेल असा माझा समज होता. सातव्या-आठव्या घासाला छातीच्या मधोमध, बरगड्या जिथे मिळतात तिथे, कोणीतरी मूठ दाबून धरावी तसे दुखू लागले, तोंडाला पाणी सुटले आणि बेसिनपर्यंत पोहोचेतो फेसाळ, चिकट ओकारी झाली. त्यानंतर तासभर पाण्याचा घोटही उतरला नाही. सोबतच्या कामगाराने स्टूल आणून दिले आणि लाइनवर माझी जागा सांभाळली, हे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांना कळवले. त्यांनी सांगितले की भात आणि चपाती यांचा चिकट गोळा होऊन ते अरुंद नळीच्या तोंडाशी अडकतात, आणि घास नीट न चावता गिळला तर मऊ भातही अडकतो. एक जेवण वीस ते तीस मिनिटांत, छोट्या चमच्याने आणि प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावूनच व्हायला हवे. वेळ नसेल तेव्हा घाईने जेवण्यापेक्षा त्या वेळेचे जेवण सोडून दूध किंवा ताक घ्यावे, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे यापुढे लॉकरमध्ये भुकटीची पुडी आणि फुटाण्यांचे पीठ कायम ठेवायचे आहे. सुट्टीत वीस मिनिटे हाती असतील तरच डबा उघडायचा. नसतील तर कँटीनमधून ताक घेऊन त्यात ते पीठ कालवायचे आणि हळूहळू संपवायचे.

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा

आईने काल रात्री श्रीखंडासाठी दही पंच्यात बांधून नळाला टांगले होते. आज सकाळी पंचा सोडला तेव्हा आतला चक्का पांढराशुभ्र, सुरीने कापता येईल इतका घट्ट झाला होता आणि खालच्या पातेल्यात हिरवट पिवळी निवळी साठली होती. तिने साखर घालण्याआधी मी वाटीभर चक्का बाजूला मागून घेतला आणि काट्यावर ठेवला. एक लिटर दुधाच्या दह्याचा चक्का ३२० ग्रॅम भरला. दुधातली बरीचशी प्रथिने त्यात राहिलेली असल्यामुळे १०० ग्रॅमला मी आठ ग्रॅम धरतो. दह्यात तीन-साडेतीनच असतात. जी वस्तू आमच्या घरात दर पाडव्याला होते, तीच माझ्या गरजेची निघाली, आणि तिला पंचा आणि एका रात्रीशिवाय जास्तीचे काहीही लागत नाही. जिरेपूड, मीठ आणि किसलेली काकडी घालून सहा छोटे चमचे खाल्ले. निवळी आईने थालीपिठाच्या भाजणीत ओतली, त्यामुळे तीही वाया गेली नाही.

श्रीखंड एका चमच्याच्या टोकावर घेऊन फक्त नैवेद्याचा मान राखला. साखरेचे प्रमाण जास्त असले की काहींना या शस्त्रक्रियेनंतर घाम, धडधड आणि जुलाब यांचा त्रास होतो, आणि माझ्या मधुमेहालाही ते नकोच आहे.

१३ एप्रिल २०२५, रविवार

आईची समजूत घालणे हा या प्रकल्पातला मी आधी न धरलेला भाग आहे. माझ्या ताटात ठेवलेली ती छोटी वाटी पाहून तिचे डोळे भरून येतात. परवा रात्री ती म्हणाली, “अरे, लहान लेकरू तरी याहून जास्त खातं. दोन घास माझ्यासाठी खा.” माझी पत्नी तिला समजावत म्हणाली, “आई, ते कमी खात नाहीयेत, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच खातायत.” तिच्या मायेला नकार देणे फार जड जाते. ज्या घरात वाढलेले ताट रिकामे करणे म्हणजे अन्नाचा आणि वाढणारीचा मान, त्या घरात अर्धी वाटी बाजूला सारायला धीर लागतो. शेवटी मी आईलाच एक काम सोपवले. दर रविवारी आठवड्याचे फुटाणे भाजून, सालीसकट बारीक दळून त्याचे डबे भरायचे आणि एक दिवसाआड चक्का बांधायचा. तेव्हापासून माझ्या खाण्याची मोजदाद तीच माझ्यापेक्षा काटेकोर ठेवते.

याच आठवड्यात पिठल्याचा शोध लागला. पिठले काही नवे नाही, पण रात्री पावणेनऊला पत्नी दमून घरी आल्यावर दहा मिनिटांत होणारा, गाठ न ठेवता घोटला तर न अडकणारा आणि सगळ्यांना चालणारा असा दुसरा पदार्थ मला आठवत नाही. सगळ्यांचे पिठले नेहमीच्या पद्धतीने पातळसर ठेवायचे आणि माझ्यापुरते कढईतच आणखी चार मिनिटे झाकण ठेवून आटवायचे. घट्ट ताकात कालवलेले तीस ग्रॅम बेसन माझ्या वाटीत नीट मावते आणि त्यातून सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. आधी पिठले किंवा उसळ, मग चमचाभर भाजी आणि जागा उरलीच तर ताकात कुस्करलेली पाव भाकरी, हा क्रम आता मोडायचा नाही. वेगळा स्वयंपाक करावा लागत नसल्यामुळे घरात कोणावर जास्तीचा भारही पडत नाही.

४ मे २०२५, रविवार

उन्हाळ्याने दोन आठवडे फार छळले. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभे राहिल्यावर डोके ठणकू लागे, लघवी गडद पिवळी होई आणि संध्याकाळी उठताना अंधारी येई. तहान लागल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची सवय होती, पण आता एका वेळी दोन-तीन घोटांपलीकडे जात नाही, त्यामुळे मागे पडलेले पाणी नंतर भरून काढता येत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी बंद केली आणि पाण्याचे प्रमाण आधी सुधारायला सांगितले.

सुपरवायझर साहेबांना डॉक्टरांचे पत्र दाखवून तपासणीच्या टेबलाखाली २५० मिलिलिटरची बाटली ठेवण्याची परवानगी मिळवली. बाटलीवर तीन रेघा मारल्या आहेत आणि दर वीस भाग तपासून झाले की दोन घोट असा नेम ठेवला आहे. पाण्याची आठवण कामालाच जोडलेली असल्यामुळे ती चुकत नाही. आता पाळी संपेतो तीन बाटल्या संपतात, बसमध्ये अर्धी आणि उरलेले पाणी घरी.

१८ मे २०२५, रविवार

तीन महिन्यांचे रक्त तपासले. साखर आटोक्यात असून मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी थांबवली. ड जीवनसत्त्व मात्र कमी आले. चौकशीत माझी एक चूक निघाली. औषधाच्या दुकानात स्वस्त पट्टी मागितली म्हणून मला कॅल्शियम कार्बोनेट मिळाले होते, आणि ते शोषले जायला जठरातले आम्ल लागते. माझे जठर लहान झाले आहे आणि आम्ल कमी करणारी गोळीही चालू आहे, म्हणून मला सायट्रेट लिहून दिलेले होते. पट्टीमागे वाचवलेले पैसे अशा ठिकाणी वाचवायचे नसतात. आता बिल करण्याआधी पट्टीमागचे नाव चिठ्ठीशी अक्षर अक्षर ताडून पाहतो.

गोळ्यांच्या वेळाही बदलल्या. कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच, दिवसातून तीनदा. लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास लांब आणि चहाबरोबर कधीच नाही. रात्रपाळीत हे सगळे कोलमडत होते, कारण मी तारखेप्रमाणे दिवस मोजत होतो. पत्नीने उपाय सुचवला: “अहो, घड्याळावर नका जाऊ, उठल्यापासून तास मोजा.” उठल्यावर शून्य तास धरायचा, अर्ध्या तासाने दूध, तिसऱ्या तासाला पहिले कॅल्शियम, सहाव्याला लोह. पाळी कुठलीही असो, कागद एकच राहतो. रात्रपाळीत उठणे दुपारी दोनला होते, एवढाच फरक.

६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी

आमच्या घरात ही एकादशी सगळे करतात आणि मलाही ती सोडायची नव्हती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि वर चिकट, त्यामुळे खिचडीला हात लावला नाही. मॅडमना आधी विचारून दिवसाची आखणी केली: दोन वेळा भुकटीचे दूध, दुपारी चार चमचे वऱ्याच्या तांदळावर दाण्याची घट्ट आमटी, संध्याकाळी चक्का आणि रात्री राजगिऱ्याची दुधातली पातळ खीर, साखरेशिवाय. दिवसाअखेर ५१ ग्रॅम झाले. नेहमीपेक्षा कमी आहेत, पण गोळ्या आणि पाणी चुकले नाही. दाण्याच्या आमटीत तेलाचा अंश फार असल्यामुळे पोट जड झाले, म्हणून पुढच्या उपासाला दाणे निम्मे करायचे आहेत.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

सहा महिने झाले. वजन ९८ किलो. जिन्याचे चार मजले न थांबता चढता येतात आणि बसमध्ये शेजारच्याला आता खिडकीकडे सरकावे लागत नाही, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

जुलै महिन्याचा हिशेब असा: दुधाची भुकटी २४०, जास्तीचे दहा लिटर दूध ५८०, पंचेचाळीस अंडी ३१५, सोयाबीन आणि फुटाणे ९०, गोळ्या ६२०, एकूण १,८४५ रुपये. पावडरीचा डबा एप्रिलपासून आणलेला नाही. सोयाबीनच्या वड्या आता पचतात, पण त्या उकडून, घट्ट पिळून, मिक्सरमधून खिम्यासारख्या बारीक केल्यावरच. नुसत्या मऊ वड्या रबरासारख्या लागतात आणि कितीही चावल्या तरी त्यांचा चोथा उरतो. प्रथिने बहुतेक दिवशी ६० ते ६५ पर्यंत जातात, रविवारी चिकन केले तर ७० होतात. महिन्यातून दोनदा आठवडी बाजारातून सुकट आणतो. वाळलेल्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात, मात्र रेती आणि मीठ जाण्यासाठी तो तीन पाण्यांतून धुवावा लागतो.

केस मे महिन्यापासून मूठमूठ गळत होते आणि त्याने मी घाबरलो होतो. वजन झपाट्याने उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात असे होते आणि प्रथिने व लोह पुरेसे असेल तर ते बहुधा पुन्हा येतात, असे डॉक्टरांनी सांगितले. या आठवड्यात कंगव्यात कमी दिसू लागले आहेत. लोहाचा साठा मात्र तपासणीत काठावर आला, म्हणून लोहाची मात्रा वाढवली आहे आणि सकाळचा चहा तासाने पुढे ढकलला आहे.

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार, गणेश चतुर्थी

आईने एकवीस मोदकांबरोबर बाविसावा, लिंबाएवढा, सारणात गूळ अगदी कमी आणि खोबऱ्याबरोबर चक्का घालून केला होता. आधी वाटीभर मुगाची उसळ संपवली, मग तो मोदक चार घासांत, दहा मिनिटे घेऊन खाल्ला. काही त्रास झाला नाही. आई समोर बसून शेवटचा घास होईपर्यंत पाहत होती.

सोमवारपासून नाइट आहे. मटकी रविवारी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधायची, लॉकरमधला फुटाण्याच्या पिठाचा डबा भरायचा आणि सायट्रेटची नवी पट्टी शनिवारीच आणून ठेवायची.